घरच्या शाळेचीही आगोट भरायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १५ जूनच्या आसपास आपल्या पेपरात शाळेच्या पहिल्या दिवसाचे फोटो येतात, हातात गुलाबाचं फूल घेतलेली, नव्या दप्तराची मुलं. मला ते फोटो मनापासून आवडतात. पण त्याच दिवशी आमच्यासारख्या काही घरांत मुलं घरीच शिकायला बसतात आणि त्या घरातल्या आईबापांच्या पोटात मे महिन्यापासूनच गोळा आलेला असतो की यंदाचं वर्ष कसं जाणार, ते कुठे छापून येत नाही. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर जरूर करा, फक्त भरती-ओहोटीचा भाग तेवढा ठेवा.

आम्ही दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या एका वाडीत राहतो. मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा आठचा. आधी दोघंही तालुक्याच्या एका शाळेत जायची, जाऊन-येऊन अडीच तास गाडीत, आणि धाकट्याचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नव्हतं. शाळेबद्दल माझी तक्रार नाही, तिथे चांगली माणसं होती, पण आमचा पोरगा तिथे मिटत चालला होता हे मला दिसत होतं. घरात बोलणं झालं, सासूबाईंनी आधी विरोध केला, मग त्याच म्हणाल्या की एक वर्ष बघा. आता तिसरं वर्ष सुरू होतंय.

पहिल्या वर्षी मी घरातच शाळा मांडली. भिंतीवर सकाळी आठ ते दुपारी दोनचं टाइमटेबल, आठ विषय, प्रत्येकाचा तास, हजेरी, दर शनिवारी टेस्ट. मला वाटायचं की एवढं काटेकोर केलं तरच लोक म्हणतील की ही बाई सिरियसली करतेय. जुलै अर्धा झाला तोवर घरात रोज रडारड. एकदा शेजारच्यांची लावणी होती, दोन्ही मुलं चिखळणीपासून शेतात, गुडघाभर चिखलात, हसतायत, रोपांच्या मुठी पुढे नेऊन देतायत, आणि मी संध्याकाळी त्यांच्यापुढे कागद ठेवला, आज काय शिकलो त्याचे दहा मुद्दे लिहा, एका ओळीत किती रोपं लागली त्याचा गुणाकार करा. धाकट्याने कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मग उद्या मी शेतात नाही येत." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तो पडवीत बसून राहिला, पाऊस बघत. ते मला अजून लागून राहिलंय. त्याच्याकडचा एक चांगला दिवस मी काढून घेतला होता, अभ्यासाच्या नावाखाली.

त्यानंतर हळूहळू माझ्या लक्षात आलं की घरात शांतता हवी असेल तर आमच्या वर्षाला कोकणाचं वर्षच धरून चालायला लागेल. आपल्याकडे मे महिन्यात आगोट भरतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, पावसाच्या आधी चार महिन्यांची बेगमी करतात ना, ती. सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, सरपण, छप्पर शाकारणं, सगळं मृगाच्या आधी. कारण एकदा पाऊस लागला की बाजार लांब, रस्ता बंद, वीज गेलेली, मग धावपळ करून उपयोग नाही. घरच्या शाळेचंही अगदी तसंच आहे हो. जे मे महिन्यात ठरवून, आणून, बाजूला ठेवून झालं नाही ते जुलैत होत नाही, आणि मग त्याचा राग मुलांवर निघतो. माझा तर निघत होता.

तर यंदा आम्ही काय भरलं ते सांगते. बालभारतीच्या वेबसाइटवर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातली गणिताची आणि भाषेची तेवढी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून स्पायरल बाइंडिंग करून आणली, कारण पावसात नेटचा भरवसा नाही. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही वेबसाइटवर वाचायला मिळतात, त्यातले पुष्कळ मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेत. तालुक्याच्या वाचनालयातून एका वेळी किती पुस्तकं मिळतील ते बोलून घेतलं. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवली, नाहीतर ऑगस्टपर्यंत पानापानांवर बुरशी. चार्जिंगचा दिवा, पत्त्यांचे दोन कॅट, बुद्धिबळ, लोकरीचे गुंडे, आणि सासूबाईंनी सांगितलं म्हणून भेंडी, पडवळ, दोडक्याचं बियाणं. बस.

आणि भरण्याइतकंच काढून टाकणंही महत्त्वाचं, खरं तर जास्तच. मे महिन्यात आम्ही दोघं, म्हणजे मी आणि मुलांचे बाबा, एका रात्री बसलो आणि एक यादी केली की यंदा काय करायचं नाही. शनिवारची टेस्ट नाही. आठ विषय रोज नाहीत. मोठीचा ऑनलाइन कोडिंगचा क्लास बंद, ती स्वतःच नको म्हणत होती पण पैसे भरलेत म्हणून चालू होता. भावाच्या मुलीशी तुलना नाही, हे माझ्यासाठी लिहिलंय. या यादीला एक तास लागला असेल पण मला वर्षातली सगळ्यात जास्त शांती त्या तासाने दिली.

रोजचं म्हणाल तर सकाळी नाश्ता झाला की अडीच तास, त्यात गणित, वाचन आणि लिहिणं एवढंच पक्कं. दुपारनंतर ज्याचं त्याचं. पाच आठवडे असं चालवायचं आणि सहावा आठवडा मोकळा सोडायचा, त्यात कुणी आजारी पडलं, पाहुणे आले, वादळाने लाइट चार दिवस गेली तर ते भरून निघतं. आणि मोठे खंड आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेत. लावणीचे दहा दिवस सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी, कागद नाही काही नाही. गणपतीला पंधरा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना अभ्यास घ्यायला जाऊ नका, मी घेऊन बघितलाय. कापणी-झोडणीला आठवडा, शिमग्याला पालखी घरी येऊन जाईपर्यंत आठवडा, आणि एप्रिलच्या मध्यापासून आंबा. आमची कलमं थोडीच आहेत पण पेट्या भरायला सगळे हात लागतात. एवढं सोडून आम्हाला साधारण तीस-बत्तीस आठवडे मिळतात. रोज अडीच तास, एकास एक शिकवणं, तीस आठवडे, मला विचाराल तर भरपूर झालं.

आता भरती-ओहोटी. आपल्याकडे जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मग भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा सहा तासांनी भरती. हा हिशोब मुलांना त्यांच्या आजीने शिकवला, मी नाही. गेल्या वर्षी मोठीने गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, घड्याळ असं सगळं यातून केलं, धड्यातली अपूर्णांकांची उदाहरणं पाहून जी रडायची ती चंपाषष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार असं चालता चालता सांगायला लागली.

पण पुढची गोष्ट खरी. दोघं कालनिर्णय घेऊन समुद्रावर जायची, वाळूत काठी रोवायची आणि पाणी सगळ्यात वर कधी येतं ते घड्याळात बघून वहीत लिहायची. महिनाभराने मोठी म्हणाली, आजीचा हिशोब चुकतो. कधी दहा मिनिटं, कधी वीस, एकदा तर अर्ध्या तासाच्या वर. हिशोबाप्रमाणे भरती रोज पंचेचाळीस मिनिटं उशिरा यायला पाहिजे पण वहीत तर पन्नासच्या आसपास येतंय. मग एक संत्रं, एक लिंबू आणि टॉर्च घेऊन आम्ही बसलो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला अजून साधारण पन्नास मिनिटं फिरावं लागतं, म्हणून. शिवाय तिथी म्हणजे काही बरोबर चोवीस तास नव्हे, तीस तिथी साडेएकोणतीस दिवसांत बसतात. हे मलाही तोवर माहीत नव्हतं, त्या रात्री मी मोठीसोबतच शिकले. आणि आजी काय म्हणाली, "बरोबर आहे गो, आम्हाला कालवं काढायला जायचं असे, मिनिटं कोण मोजतो." मग आमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमी-नवमीची भांग, उधाणाला पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, भांगेला दोन्हीकडे कमी, हे तिने वाळूतल्या काठ्यांवरून स्वतः काढलं.

पावसाचंही असंच. एक सरळ बाजूंचा डबा अंगणात मोकळ्यावर ठेवलाय, रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मोजायचा, कारण हवामान खातंही सकाळी साडेआठलाच चोवीस तासांचा पाऊस मोजतं, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्या पडवीचं छप्पर वीस चौरस मीटर, शंभर मिलिमीटर पडला त्या दिवशी नुसत्या पडवीवरून दोन हजार लिटर पाणी वाहून गेलं, असं धाकट्याने हिशोब करून सांगितलं आणि लगेच विचारलं की मग एप्रिलमध्ये आपली विहीर का आटते. या एका प्रश्नावर आमचा ऑगस्ट गेला. यंदा पन्हळ लावून टाकीत पाणी घ्यायचं ठरलंय, खर्च त्याने काढलाय, बाबा अजून हो म्हणालेले नाहीत.

फिरण्याचंही आधी ठरवलेलं बरं. थंडीत राजापूरकडे आमचे नातेवाईक आहेत, तिथून बारसूची नाहीतर कशेळीची कातळशिल्पं, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आणि आपल्यातले किती जण अजून बघायला गेलेले नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडणगड तालुक्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, गेल्या वर्षी गेलो होतो. अंड्यातून पिल्लू यायला पन्नासेक दिवस लागतात, तर अंडी कधी घातली असतील ते मागे मोजत जायचं. त्यावर मी काही लिहायला सांगितलं नाही. धाकट्याने आपणहून चित्र काढलं.

सगळ्यात जास्त विचारतात ते कायद्याचं. मी वकील नाही पण वाचलंय ते सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात पालकांनी मुलाला शाळेत घालणं हे कर्तव्य म्हटलंय पण न घातलं तर पालकांना शिक्षा लिहिलेली नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल वेगळी तरतूदही नाही. म्हणजे पाय ठेवायला घट्ट जमीन नाही हे कबूल करूनच या वाटेला यावं. त्याच कायद्याने शाळेबाहेरच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, तर परतीचा रस्ता उघडा आहे, हे मला फार धीर देतं. परीक्षेसाठी एनआयओएस आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची, तिसरी-पाचवी-आठवीच्या पातळीचे त्यांचे कोर्स आहेत आणि चौदा पूर्ण झाली की दहावी देता येते, वर्षातून दोनदा मोठी परीक्षा होते, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, माध्यम मराठीही घेता येतं. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचा आपला जुना १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीतच आहे. मोठी अकराची आहे, आत्ता फक्त माहिती काढून ठेवलीय, जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला एका फायलीत घातलाय आणि फाइल कपाटात. तीन वर्षं पुढची भीती रोज उशाशी घेऊन झोपायचं नाही असं मी ठरवलंय.

एक वही मात्र रोजची आहे. पूर्वी मी उद्या काय करायचं ते लिहायची आणि रात्री किती राहिलं ते बघून मन खट्टू व्हायचं. आता रात्री फक्त झालं ते लिहिते. "मोठी: भागाकार ४ गणितं, आजीला पेपर वाचून दाखवला. धाकटा: पाढा ७, खेकड्याचं बीळ." बस एवढंच. नोव्हेंबरमध्ये मागे वळून पानं चाळली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मुलं शिकतायत. आणि उद्या कुणी अधिकारी विचारायला आले तर दाखवायला ही वही आहे.

आवाज चढला की पुस्तक मिटायचं, हाही घरातला नियम आहे, माझ्यासकट. सगळे पडवीत. चहा ठेवायचा. पंधरा मिनिटांनी वाटलं तर परत, नाही वाटलं तर उद्या. आणि आठवड्यातून दोन दुपारी मुलं आजीकडे आणि बाबांकडे, मी माझी, मी झोपते किंवा शिवण घेऊन बसते. हे घरातल्या माणसांनी मनावर घेतल्याशिवाय होत नाही, बाईने एकटीने ओढायची ही गोष्ट नव्हे. जिथे एकटीवर पडलंय तिथे मी तर म्हणेन शाळेतच घाला, त्यात काही कमीपणा नाही.

हे फॅड शहरातून आलंय असं आमच्याकडे म्हणतात. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच किनाऱ्यावर बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडला गेल्या, आणि तिथे गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत येता येत नाही म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मूल जिथे आहे, त्याचा दिवस जसा आहे, तिथे शिकणं न्यायचं, हे त्या बायकांनी आपल्या आजीच्या काळात करून दाखवलं. त्यांची मुलं गरिबीमुळे शाळेबाहेर होती, माझी माझ्या निर्णयामुळे, हा फरक मोठा आहे आणि मी तो विसरत नाही.

मुलं एकटी पडतील म्हणतात. वाडीत संध्याकाळी अठरा पोरं क्रिकेटला असतात, आमची दोघं त्यातली. नमन-खेळ्यांच्या तालमीला मोठी जाऊन बसते, मृदंगवाल्या काकांनी तिला बोल शिकवायला घेतलेत. पण हेही खरं की तिला तिच्या वयाची वाचणारी मैत्रीण नाही, आणि ते मला रोज टोचतं. यंदा वाडीतल्या शाळेच्या गुरुजींना विचारलंय, त्यांनी शनिवारी ग्रंथालयाच्या तासाला आमच्या दोघांना बसू द्यायचं मान्य केलंय. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यातच रडले.

संपादक साहेब, आपल्याला विनंती एवढीच की जूनच्या शैक्षणिक पुरवणीत एक अर्धं पान तरी मुक्त शाळांच्या परीक्षा, फॉर्मच्या तारखा, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली केंद्रं यांना द्या. गावातल्या आईला ही माहिती काढायला रत्नागिरीला दोन-दोन फेऱ्या पडतात. आणि गावोगावच्या वाचनालयांनी सकाळच्या वेळात मुलांना बसू द्यावं, शाळेतली असोत नसोत, हेही कुणीतरी लिहा. लग्नाकार्यात भेटणाऱ्या काका-मामांना हात जोडून सांगणं आहे की मांडवात मुलांना पंधराचा पाढा विचारू नका. त्यांना भरती कधी आहे ते विचारा.

परवा एकादशी आहे, अकराची पाऊणपट सव्वाआठ. दोघांनी काठ्या तासून ठेवल्यात, त्यामुळे हे पत्र आजच पाठवतेय, परवा सकाळी मी समुद्रावर असेन.

आपली,
एक वाचक आई
ता. दापोली, जि. रत्नागिरी